एकाचा पहारा, दुसऱ्याची झोप

नांदेडहून समुद्र किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला आंध्रचा किनारा, दोन्हीकडे सरळ रेषेत साधारण पाचशे किलोमीटर. म्हणजे आपण अगदी मधोमध. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीतल्या कित्येक बायकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो रामेश्वरला नाहीतर मुलाची मुंबईत नोकरी लागल्यावर. भरती-ओहोटी आम्ही पुस्तकातून शिकलो आणि पुस्तकातूनच शिकवली. लातूरच्या वर्गात "खलाशी" हा शब्द समजावून सांगताना खडूनं फळ्यावर होडी काढावी लागायची.

तरीही आज समुद्रावरच लिहायचं आहे. त्यातही एका विशिष्ट प्रवासावर. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या लिटल्टन बंदरातून निघायचं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीला पोचायचं. मध्ये कुठंही थांबायचं नाही, इंजिनाच्या जोरावर जायचं नाही, फक्त शिडं. आणि नौकेवर माणसं किती, तर दोन. २०२५ साली आपल्या नौदलातल्या दोन बायकांनी हा प्रवास केला. ती नौका गोव्यात बांधलेली. बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली, चार दिवस कौतुक झालं आणि आपण पुढच्या बातमीकडे वळलो. पण इतिहास शिकवलेल्या माणसाची एक खोड असते. बातमी जुनी झाली की त्याला ती जास्त आवडू लागते!

आधी एक गैरसमज दूर करते. मराठवाड्याचा आणि समुद्राचा काही संबंध नाही असं आपण समजतो, ते काही खरं नाही. लातूरहून फार लांब नसलेलं, तेरणा नदीकाठचं तेर हे गाव गोरोबाकाकांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक वाटाड्या पुस्तिका लिहिली. "पेरिप्लस" म्हणून ती ओळखली जाते. त्यात पैठणचं नाव आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगराचंही आहे. तगरातून साधं कापड, तलम मलमल अशा वस्तू गाड्यांत भरून, वाट धड नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात आणि तिथून मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन थेट रोमन साम्राज्यात. तेरला हस्तिदंताची एक सुंदर स्त्री-प्रतिमा सापडली. तिच्याशी साम्य असलेली दुसरी प्रतिमा १९३८ साली कुठं सापडली? इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात. तेरच्या वस्तुसंग्रहालयात कधी गेला नसाल तर जरूर जा. आमच्या आडगावचं कापड समुद्रापार जात होतं. कापड विणणाऱ्यानं समुद्र पाहिला नसेल, पण त्याच्या हातचा माल लाटांवरून गेला होता.

पुढे मात्र आपण समुद्राकडे पाठ फिरवली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, मग प्रायश्चित्त घ्या, हा प्रकार एकोणिसाव्या शतकातही चालू होता. समुद्रावरचं मराठी जोडपं म्हटलं की आपल्याला आठवतात आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. १८८३ साली आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी आजारी अवस्थेत गोपाळरावांबरोबर बोटीनं परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. त्या परतीच्या प्रवासाचा विचार मनात आला की आजही गलबलून येतं. पण ती आगबोट होती आणि ती दोघं प्रवासी होती. बोट चालवण्याची जबाबदारी दुसऱ्यांची. मला सांगायचंय ते वेगळं आहे. दोनच माणसं, नौका त्यांनीच हाकायची, दुरुस्त करायची, स्वयंपाकही त्यांनीच करायचा आणि रात्री जागायचंही त्यांनीच.

अशा जोडप्याची जगातली एक गाजलेली गोष्ट आहे. तिचे धागे हिंदुस्थानातही आहेत म्हणून ती आधी सांगते.

माइल्स स्मीटन हे ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानी फौजेतले अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात त्यांनी प्रोबिन्स हॉर्स या रेजिमेंटचं नेतृत्व केलं. त्यांची बायको बेरिल ही जबरदस्त भटकी बाई. १९३९ साली हे जोडपं तिरिच मीर शिखरावर चढाई करायला गेलं तेव्हा त्यांच्यासोबत एक तरुण शेर्पा होता, तेनसिंग. हो, तेच पुढे एव्हरेस्टवर गेलेले तेनसिंग नोर्गे! युद्धानंतर दोघं कॅनडातल्या एका बेटावर शेती करू लागले. १९५१ साली इंग्लंडला जाऊन त्यांनी "त्सू हांग" नावाची ४६ फुटी शिडाची नौका विकत घेतली. नौकानयनाचा अनुभव म्हणाल तर जवळपास शून्य. अकरा वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन ती नौका त्यांनी स्वतः हाकत कॅनडाला नेली.

१९५६ च्या डिसेंबरात ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून निघाले. केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड आणि तिथून इंग्लंड असा बेत होता. दोघंही पन्नाशीची. लेक शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेली. सोबत जॉन गझवेल नावाचा तरुण, आणि एक सयामी मांजर. १४ फेब्रुवारी १९५७ ची सकाळ. किनारा शेकडो मैल दूर. सुकाणूवर बेरिल होती, दोघे पुरुष खाली होते. मागून एक प्रचंड लाट उभी राहिली आणि नौका पुढच्या टोकावर उभी होऊन चक्क कोलांटी खाऊन उलटली. बेरिलच्या कमरेची दोरी तुटली, ती समुद्रात फेकली गेली. नौका पुन्हा सुलटी झाली तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, डेकवरची खोली उखडून मोठं भगदाड पडलं होतं आणि आत कमरेइतकं पाणी. बेरिल जखमी अवस्थेत पोहत मोडक्या डोलकाठीच्या दोरखंडांपर्यंत आली, दोघांनी तिला वर ओढलं. मग तिघांनी बादल्यांनी पाणी उपसलं. गझवेल उत्तम सुतार होता. त्यानं फळ्या ठोकून भगदाड बुजवलं, उरल्यासुरल्या लाकडातून तात्पुरती डोलकाठी उभी केली. असं करत करत मार्च महिन्यात ते चिलीच्या किनाऱ्याला लागले.

गोष्ट इथं संपली असती तर ठीक होतं. पण नौका दुरुस्त करून १९५७ च्या डिसेंबरात पुन्हा निघाले, या वेळी दोघंच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी वादळात नौका आडवी गडगडली आणि पुन्हा डोलकाठ्या गेल्या. पुन्हा चिली! या अनुभवांवर माइल्सनी १९५९ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ "एकदाच पुरे" असा. अखेर १९६८ साली, उलट दिशेनं, त्यांनी केप हॉर्न पार केलंच. तेव्हा दोघंही साठी ओलांडलेली. आपल्याकडे साठीला काय करतात? शांत करतात!

हा समुद्र इतका खवळलेला का, हे भूगोलाच्या अंगानं थोडं सांगायला हवं. पृथ्वीच्या नकाशावर दक्षिणेकडे चाळीस अंशांच्या खाली पाहा. जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती अडथळ्याविना फिरत राहतात, आणि वाऱ्याला जितकं मोकळं अंतर मिळेल तितकी लाट मोठी होत जाते. म्हणून तिकडच्या खलाशांनी चाळिशीच्या पट्ट्याला "गरजणारे", पन्नाशीच्या पट्ट्याला "खवळलेले" आणि साठीच्या पट्ट्याला "किंचाळणारे" अशी नावं दिली आहेत. आता या सगळ्या वाऱ्यापाण्याला दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या सुमारे ८०० किलोमीटरच्या फटीतून निघून जायचं असतं. त्यात टोकाजवळ समुद्रतळ उथळ होतो, त्यामुळे लाटा आणखी उभ्या होतात. दाराच्या फटीतून वारा कसा शीळ घालत येतो, तसंच हे. केप हॉर्न ते हेच.

आता आपल्याकडे येऊ. शिडाच्या नौकेतून भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न पाहिलं एका मराठी माणसानं. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले, आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिलेले. म्हणजे दुष्काळी मुलखात बसून समुद्राचं स्वप्न! २००६ साली नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका बांधायला गोव्याचे रत्नाकर दांडेकर तयार झाले. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरचा त्यांचा कारखाना. लाकडाच्या पट्ट्या आणि फायबर ग्लास यांची ५६ फुटी नौका तिथं तयार झाली. नाव ठेवलं "म्हादेई", मांडवीचंच दुसरं नाव.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच "म्हादेई"वरून २०१२-१३ साली कुठंही न थांबता प्रदक्षिणा केली.

एकटा माणूस नौकेवर झोपतो कसा, हा प्रश्न मला कायम पडायचा. उत्तर असं की तो नीट झोपतच नाही. यंत्र सुकाणू धरतं, गजर लावलेला असतो, माणूस थोडा वेळ डुलकी काढतो, उठून क्षितिज पाहतो, पुन्हा डुलकी. बाळंतिणीसारखं. महिनोन् महिने. आणि काही बिघडलं तर? २०१८ च्या सप्टेंबरात एका शर्यतीत टॉमींची "थुरिया" ही नौका हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात सापडली. (ती नौकाही गोव्यातच बांधलेली. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली जगात सर्वप्रथम एकट्यानं, न थांबता प्रदक्षिणा केली ती ज्या नौकेतून, त्या "सुहैली"ची ती प्रतिकृती. आणि मूळ "सुहैली" बांधली होती आपल्या मुंबईत!) डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. हलता येत नव्हतं आणि हाक ऐकायला कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं. बेरिल पाण्यात पडली तेव्हा वर ओढायला हात होते. टॉमींना तीन दिवस वाट पाहावी लागली. एकट्यानं जाण्याची किंमत ही. तरीही हा माणूस २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला.

हेच टॉमी पुढे दोन मुलींचे गुरू झाले. लेफ्टनंट कमांडर दिलना के. या केरळच्या कोझिकोडच्या, नौदलात रसद-पुरवठ्याचं काम पाहणाऱ्या. लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या पुदुच्चेरीच्या, शस्त्रास्त्रांची तपासणी करणाऱ्या विभागातल्या. मुली म्हणते, कारण माझ्या नजरेत त्या मुलीच! त्यांची नौका "तारिणी". तीही दांडेकरांच्याच कारखान्यातली, ५६ फुटी, १८ फेब्रुवारी २०१७ ला नौदलात दाखल झालेली. २०१७-१८ साली वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी याच "तारिणी"तून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. आता दोघींनीच करायची होती. सहाच्या जागी दोन. कामाचा हिशेब गृहिणींना सांगायला नको.

तयारी तीन वर्षं चालली. आधी इतरांबरोबर मोठे प्रवास, मग २०२४ च्या उन्हाळ्यात दोघींनीच गोवा ते मॉरिशस आणि परत. २ ऑक्टोबर २०२४ ला त्या गोव्याहून निघाल्या. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, डिसेंबरात न्यूझीलंडमधलं लिटल्टन. आणि ४ जानेवारी २०२५ ला त्या सर्वांत लांब आणि सर्वांत कठीण टप्प्यावर निघाल्या. पुढची जमीन पोर्ट स्टॅन्ली. अंतर दहा हजार किलोमीटरच्या घरात.

३० जानेवारीला त्यांनी "पॉइंट निमो" पार केला. ही खूण नकाशातल्या हिशेबानं ठरवलेली आहे. कुठल्याही जमिनीपासून सर्वांत दूर असलेली समुद्रातली जागा. कुठल्याही दिशेला गेलात तरी जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर. गंमत अशी की तिथं असताना सर्वांत जवळची माणसं बहुतेक वेळा डोक्यावरून, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकातली असतात! अशा ठिकाणीही त्या दोघींनी काय केलं, तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी पाण्याचे नमुने घेतले. मला हे फार आवडलं. घाबरायला फुरसत होती, पण काम होतं.

त्या टप्प्यात त्यांना तीन चक्रीवादळं भेटली. वाऱ्याचा वेग ५० नॉट्सच्या वर, म्हणजे ताशी ९३ किलोमीटरहून जास्त. लाटा सात मीटरपर्यंत. सात मीटर म्हणजे दुमजली घर. असं घर मागून चालत येतं, नौका त्याच्या गच्चीवर चढते आणि पलीकडच्या उतारावरून खाली घसरते. एकदा नव्हे, तासन् तास. अशा वेळी नौकेवर काय काय करावं लागतं? शिडं गुंडाळून अगदी लहान करायची, कारण वारा जास्त झाला की मोठं शीड डोलकाठीच मोडून टाकतं. अंगावर पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी नौकेला अडकवलेली. बाहेर पाऊल टाकण्याआधी दोरी आणि आत आल्यावरच दोरी सोडायची. नौका लाटेला आडवी होऊ द्यायची नाही. थंडी मरणाची, बोटं सुन्न. उजेड असो की अंधार, एकीनं बाहेर लक्ष ठेवायचं.

आणि दुसरीनं? दुसरीनं झोपायचं.

इथंच मला थांबायचं आहे. दोघांच्या नौकेवर साधारणपणे तीन-चार तासांचे पहारे असतात. एक डेकवर, दुसरा खाली. खाली म्हणजे काय? सगळं ओलं, भांडी खडखडतायत, लाट आपटली की फळी फुटल्यासारखा आवाज, आणि बिछान्यातून फेकलं जाऊ नये म्हणून कापडाची झोळी बांधलेली. त्या झोळीत पडून डोळे मिटायचे. बाहेर मैत्रीण एकटी आहे हे ठाऊक असताना मिटायचे. कारण आपण झोपलो नाही तर तीन तासांनी आपल्या पहाऱ्यात आपल्याला डुलकी लागेल आणि तेव्हा ती झोपलेली असेल. म्हणजे झोप हा आराम नाही. झोप हे काम आहे. शिडं उतरवण्याइतकंच महत्त्वाचं काम.

इतिहासात सुकाणू धरणाऱ्याचं नाव राहतं. पाठ्यपुस्तकांत पृथ्वीप्रदक्षिणेपुढे मॅगेलन लिहिलेलं असायचं. १५१९ ला पाच जहाजं आणि अडीचशेहून अधिक माणसं घेऊन तो निघाला. स्वतः १५२१ ला फिलिपिन्समध्ये मारला गेला. १५२२ ला एल्कानोबरोबर "व्हिक्टोरिया" हे जहाज परत आलं तेव्हा त्यावर त्या मूळ ताफ्यातली अठरा माणसं होती. त्या अठरा जणांत रात्रीचा पहारा कोणी केला आणि कोणाच्या भरवशावर कोण झोपलं, हे कुठल्या धड्यात येणार? पण जहाज परतलं ते त्या भरवशावर.

लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्ही तेव्हा लातुरात होतो. पुढचे कित्येक दिवस छपराखाली झोपायची कोणाची छाती नव्हती. आमच्या गल्लीत अंगणात अंथरुणं पडायची आणि मोठी माणसं आळीपाळीनं जागायची. जागणाऱ्यानं करायचं काहीच नसायचं, नुसतं बसायचं. जमीन हलली तर हाक मारायची. पण तो बसलेला आहे म्हणून बाकीच्या वीस जणांना झोप लागायची. त्या बसण्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून घरात रात्रीचे पहारे आहेत. बारापर्यंत मी, नंतर पुतण्या, सुटीत आली की लेक. मी जागते याचं नातेवाईक कौतुक करतात, "काकू, तुम्ही किती करता!" बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण खरं अवघड असतं ते बारा वाजता उठून दुसऱ्या खोलीत जाणं. पुतण्या म्हणतो, "काकू, आता तुम्ही झोपा, मी आहे." हे "मी आहे" खरं मानून डोळे मिटायला फार मोठा विश्वास लागतो. तो अंगवळणी पडायला मला कित्येक महिने लागले. दिलना आणि रूपानं तीन वर्षं सराव केला म्हणतात तो नुसता शिडा-दोरांचा नसणार. त्यात बराचसा सराव एकमेकींच्या पहाऱ्यात झोपण्याचाही असणार, असं मला आपलं वाटतं.

१५ फेब्रुवारी २०२५ ला "तारिणी"नं केप हॉर्न पार केलं. स्मीटनची नौका उलटली होती १४ फेब्रुवारीला, ६८ वर्षांपूर्वी. केवळ योगायोग. तीन दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, म्हणजे "तारिणी" नौदलात दाखल झाली त्याच तारखेला, दोघी पोर्ट स्टॅन्लीला पोचल्या. दीड महिना जमीन नाही, तिसरं माणूस नाही. पुढे केपटाउन आणि २९ मे २०२५ ला परत गोवा. सगळे मिळून आठ महिने आणि पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल.

दोघींपैकी कोणाचं नाव आधी घ्यायचं, असा प्रश्न वृत्तपत्रवाल्यांना पडला असेल. कोणी दिलना-रूपा लिहिलं, कोणी रूपा-दिलना. मला ही गोष्ट फार बोलकी वाटली. मॅगेलनसारखं एकच नाव लिहायची सोयच नव्हती. केप हॉर्न ओलांडताना सुकाणूवर कोण होती आणि खाली कोण होती, हे विचारणं व्यर्थ आहे. आधीच्या दीड महिन्यात एकीनं जितका पहारा केला असेल तितकाच दुसरीनं, आणि जितकी एक झोपली असेल तितकीच दुसरी.

तेरणेचं पाणी मांजरेत जातं, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. तेव्हा आपण समुद्रापासून वाटतो तितके लांब नाही. आणि पहारा तर घरोघरी चालूच असतो. आजारी माणसाच्या उशाशी, बाळाच्या पाळण्याशी, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसलेल्या पोराशेजारी. माझ्या भाच्या-पुतण्यांनो, तुमच्या घरात जो जागतो त्याचं कौतुक जरूर करा. पण त्याला तेवढ्यानं भागत नाही. त्याला उठवा, "मी आहे" म्हणा, आणि तो खरोखर झोपेल असं वागा. तुम्ही दोनदा, तीनदा वेळेवर उठलात की त्याला झोप लागेल. विश्वास असाच बसतो, समुद्रावर काय आणि नांदेडात काय.